समतेने ऐकलेली ठकठक

कडीची मूठ काळजीबाईच्या हातात आली आणि कोठडीचे दार तसेच बंद राहिले.

काळजीबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेले. लहानगी लेक नुसती शिंकली तरी ही थर्मामीटर घेऊन धावायची. झोपलेल्या पोरीला "बरं वाटतंय ना गं?" असे विचारायला उठवायची. शेवटी नवरा हात जोडून म्हणाला, "एकदा ध्यानाच्या शिबिराला जाऊन ये. नाहीतर आम्हाला तरी कुठंतरी धाड." नेमके निघायच्या सकाळी पोरीचे अंग तापले. सासूबाईंनी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. "जा तू. मी काय मेलेय का?" ती गेली, पण जीव पोरीच्या कपाळाला चिकटून राहिला.

केंद्र गावापासून लांब, माळावर होते. आल्याआल्या फोन जमा झाला आणि मौन सुरू झाले. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाकडे बघून हसायचेही नाही. बोलायचे ते फक्त आचार्यांशी, आणि तेही ध्यानाबद्दल. ध्यान म्हणजे नाकपुडीतून आत-बाहेर होणारा श्वास नुसता न्याहाळायचा; काळजीबाईने त्यांना त्याबद्दल एक अक्षर विचारले नाही. रोज एकच पालुपद : घरी फोन करू द्या. शेवटी सगळे शांतपणे ऐकून घेणाऱ्या आचार्यांची समताही उसवली. "आज जेवणाच्या सुट्टीत करा. एकदाच. तोवर जरा कोठडीत बसा."

ती बसली. एकट्याने ध्यानाला बसायची ही कोठडी म्हणजे माणूस मावेल एवढे कपाट. भिंतींना ओल, दाराचे लाकूड फुगलेले. जेवणाची घंटा होताच ती ताडकन उठली, कडीला हिसका दिला, आणि मूठ हातात आली.

आधी तिने हलकेच ठकठक केली. बाहेरून पावले येत होती. सगळ्या साधिका खाली मान घालून, एकामागून एक तिच्या दारावरून जेवायला गेल्या. आवाज प्रत्येकीला ऐकू आला. पण आवाज आला की फक्त जाणायचा, प्रतिक्रिया द्यायची नाही, हे आदल्याच दिवशी शिकवले होते. प्रत्येकीने तो जाणला आणि जाऊन भात वाढून घेतला.

मग तिने धडाधडा दार बडवले. पावले संपली. फोनची वेळ चालली होती, आणि तिच्या मनात पोरीचा ताप एव्हाना मेंदूपर्यंत चढला होता. आता मौन गेले खड्ड्यात! "अहो, कुणीतरी दार उघडा हो!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटले.

बऱ्याच वेळाने केंद्राची सेविका आली. मागच्या शिबिरात एक बाई रडत होती म्हणून हिने कोठडीत डोकावले, तर आचार्यांनी सुनावले होते : आत साचलेलं बाहेर पडत असतं, मध्ये पडू नये. तेव्हा यावेळी ती दाराबाहेर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून मंगल कामना करू लागली.

"कोण आहे? ताई, दार उघडा ना!"

"रडा ताई. मोकळं रडा."

"रडू काय? कडी अडकलीय!"

"सगळ्यांना असंच वाटतं. मागच्या वेळी एक बाई तर छताला आग लागली म्हणत होत्या."

"माझी पोर तापानं फणफणलीय हो!"

"हाही विचार येईल आणि जाईल."

"मी जाईन आधी!"

शेजारच्या कोठडीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. जेवून परतल्यापासून त्या ही ठकठक समतेने ऐकत होत्या. त्या धाडकन बाहेर आल्या. "अहो, त्या कडी म्हणतायत तर कडीच असेल ना! ध्यान करताय की झोपा काढताय? लावा खांदा!"

दोघींनी खांदा लावला. कडी खिळ्यांसकट निखळली आणि काळजीबाई बाहेर आली. आचार्यांकडे गेली तेव्हा सुट्टी केव्हाच संपली होती. त्यांनी तिच्या हातातली मूठ पाहिली आणि मुकाट्याने फोनकडे बोट दाखवले.

"ताप?" पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "तू गेलीस त्याच संध्याकाळी उतरला. तुमच्या केंद्रात लगेच निरोप ठेवला होता की!"

काळजीबाईने मागोमाग आलेल्या सेविकेकडे पाहिले.

"वाईट बातमी असली तरच सांगायची, असं आहे," सेविका पुटपुटली. "चांगल्यानं मन फार उड्या मारतं."

काळजीबाईला उडी मारावीशी वाटली, पण सेविकेच्या अंगावर. "पोरीला द्या," ती फोनमध्ये म्हणाली.

"बाळा? सोनू? आई बोलतेय."

काळजीबाईने फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"रुसलीय," सासूबाई लांबून म्हणाल्या. "रोज दारात जाऊन बसायची. काल बसली नाही. आता बोलत नाही म्हणते तुझ्याशी. ठेव आता, जेवायचीय ती."

"नको. फोन तिच्या कानाशीच राहू दे."

फोनमध्ये नुसता श्वास येत होता. आत, बाहेर. काळजीबाईने डोळे मिटले. सेविकेने खुणेने वेळ संपल्याचे सांगितले, तिला कळले नाही. दुसरी घंटा झाली, तीही तिने ऐकली नाही. आचार्य परत दारात येऊन उभे राहिले. इतकी एकाग्र साधिका त्यांनी या शिबिरात पाहिली नव्हती.

"आई," सासूबाईंनी फोन परत घेताच काळजीबाई अगदी हळू म्हणाली, "तिची डावी नाकपुडी चोंदलीय."