मोहरील सर आणि हंगेरीतलं गवत

मोहरील सरांची बॅग भरून झाली आणि मग हंगेरी रद्द झाली.

"बाबा, सॉरी," अदिती फोन ठेवत म्हणाली. "व्हिसावाले म्हणतात, व्हिजिटर्सनी आपापल्या देशातूनच अप्लाय करायचं. इथून व्हिसा मिळत नाही. मी बुडापेस्टचं सगळं कॅन्सल केलंय. आता डायरेक्ट मुंबई."

"काहून? मी इथं आहे न. माणूस जिथं आहे तिथूनच अर्ज करील की नाही?"

त्र्यंबक मोहरील यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सहा महिन्यांसाठी अमेरिकेत पिस्कॅटवेला लेकीकडे आले होते. परतताना चार दिवस युरोप बघून जा, असं तिनेच सुचवलं होतं. दुसरा कुणी असता तर स्वित्झर्लंड म्हणाला असता, पॅरिस म्हणाला असता. सर क्षणाचाही विचार न करता म्हणाले, हंगेरी.

कारण होतं आठवीच्या पुस्तकातला गवताळ प्रदेशांचा धडा. उत्तर अमेरिकेत प्रेअरी, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स आणि हंगेरीत पुस्टा. बाकीच्यांना पुस्तकाने परिच्छेदच्या परिच्छेद दिले होते, पुस्टाच्या वाट्याला मात्र दीड ओळ आली होती. दीड ओळीत पस्तीस मिनिटांचा तास निघत नाही. म्हणून सर पदरचं घालत. पुस्टातलं गवत माणसाच्या डोक्यावरून जातं, तिथली माणसं बारा महिने तंबूत राहतात, आणि तिथलं मूल चालायच्या आधी घोड्यावर बसायला शिकतं. ही माहिती पहिल्यांदा कुठून आली, ते आता सरांनाही सांगता आलं नसतं. पण दर वर्षी ती उत्तरपत्रिकेत यायची आणि सर तिला पैकीच्या पैकी गुण द्यायचे.

निवृत्तीनंतर हेच त्यांना खाऊ लागलं. "दोनेक हजार पोरं गेली असतील हाताखालून," ते जावयाला म्हणाले. "चुकीचं शिकवलं असेल तर? मेल्यावर काय तोंड दाखवू?"

"बाबा, मग सर्च करा ना," सत्यजित म्हणाला. "दोन मिनिटांत कळेल."

"मोबाइलवर तर दारव्ह्याचं तापमान पण धड दाखवत नाही. मला तिथं राहिलेल्या माणसाला विचारायचं आहे, समोरासमोर."

सत्यजित पुण्याचा, त्यामुळे मुद्दा सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी शोध लावला. नदीपलीकडे न्यू ब्रन्सविकला हंगेरियन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांचं मंडळ आहे, मंडळाला हॉल आहे, आणि रविवारी दुपारी तिथे 'हंगेरी: निसर्ग आणि संस्कृती' असा कार्यक्रम आहे. "पंधरा मिनिटांचा ड्राइव्ह, बाबा," तो म्हणाला. "व्हिसा लागत नाही."

रविवारी सर टाय लावून निघाले. सोबत अदिती आणि दहा वर्षांची नात अनया. सत्यजितला ऐन वेळी ऑफिसचा कॉल निघाला. असे कॉल रविवारीच निघतात.

हॉलमध्ये शिरताच लाल-निळ्या फुलांचं भरतकाम केलेला टेबलक्लॉथ दिसला आणि त्यावर कापून ठेवलेली खसखशीची वळी, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव. वाढणारी बाई साठीच्या आसपासची होती. सरांनी एक तुकडा खाऊन प्लेट रिकामी केली, तशी तिने दुसरा वाढला. तो संपवला, तिसरा वाढला. पानात टाकायचं नाही हा सरांचा नियम आणि पान रिकामं ठेवायचं नाही हा तिचा. पाचव्या तुकड्याला अदितीने प्लेट हातातून काढून घेतली.

"आपल्यातलेच लोक आहेत," सर समाधानाने म्हणाले.

भिंतीवर एक मोठा फोटो होता. निळ्या घोळदार कपड्यांतला एक स्वार दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभा, हातात पुढच्या तीन घोड्यांचे लगाम. "पाहा, घोडे," सर म्हणाले. "मी काय सांगत होतो?" घोड्यांच्या खुरांखालचं गवत मात्र जेमतेम हरळीएवढं होतं. सरांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. "उन्हाळ्यातला फोटो असेल," ते म्हणाले.

वळी वाढणाऱ्या बाईने मग ओळख करून दिली. पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलेली तिची आई मार्गित नेनी, वय चौऱ्याऐंशी. नेनी म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतात तसं. हॉलमधल्या साठ माणसांत हंगेरीत आयुष्य काढलेली ती एकटीच. लेक तरुणपणीच इकडे आलेली, बाकी सगळे इथेच जन्मलेले, आजोबांच्या आठवणींवर हंगेरियन असलेले. सरांचा जीव भांड्यात पडला. विचारायचं माणूस सापडलं होतं. कार्यक्रम संपला की जाऊन विचारायचं, असं त्यांनी ठरवलं आणि ते तिसऱ्या रांगेत शहाण्यासारखे बसले.

कार्यक्रम स्टीव्ह नावाच्या दातांच्या डॉक्टरांचा होता. गेल्या वर्षी ते दहा दिवस हंगेरीला जाऊन आले होते आणि त्यांच्याकडे दोनशे स्लाइड्स होत्या. सहाव्या स्लाइडवर ते म्हणाले, "हा बालातोन, युरोपातल्या सर्वांत खोल सरोवरांपैकी एक."

सरांचा हात वर गेला. एकतीस वर्षं समोरच्यांचे हात वर जाताना पाहिलेल्या माणसाचा हात, कोपरात जराही न वाकता. "एक्स्क्यूज मी. शॅलो. ॲव्हरेज तीन मीटर."

स्टीव्ह हसले. "थँक यू." अकराव्या स्लाइडवर त्यांनी डॅन्यूब एड्रियाटिक समुद्रात सोडली. हात पुन्हा वर. "ब्लॅक सी, सर. काइंडली करेक्ट." अदितीने सरांचा कोट मागून ओढला. चौदाव्या स्लाइडवर हंगेरीचं मोठं मैदान डॅन्यूबच्या पश्चिमेला गेलं. सर ह्या वेळी हात वर न करता सरळ उभेच राहिले.

स्टीव्हनी रिमोट खाली ठेवला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. ते म्हणाले, "सर, तुम्हीच इथे येऊन हे घेता का?"

"येस, थँक यू," सर म्हणाले आणि कोटाची बटणं लावत निघाले.

"आबा, ही वॉज बीइंग सार्कॅस्टिक," अनया कुजबुजली.

"नो. ही इज बीइंग डीसेंट," सर म्हणाले आणि पुढे गेले.

व्हाइटबोर्ड होता, मार्कर होता. सरांनी एका दमात हंगेरीची सीमा काढली, हात न उचलता. डॅन्यूब वरून आडवी आली, बुडापेस्टच्या वर काटकोनात वळली आणि सरळ दक्षिणेला गेली. उजवीकडे तिसा नदी. डावीकडे बालातोनची लांब शेंग. पुढच्या रांगेतल्या एकाने फोटो काढला, तसे पाच-सहा फोन वर आले. सरांनी वीस मिनिटांत शेती, हवामान आणि द्राक्षं उरकली. "लास्ट बेंच, व्हॉट इज धिस रिव्हर?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर आलं. कोपऱ्यात उभे राहिलेले स्टीव्ह नॅपकिनवर काहीतरी लिहून घेत होते.

मग आला पुस्टा. सर रंगात आले आणि पदरचंही आलं. त्यांनी बोर्डावर एक माणूस काढला आणि त्याच्या डोक्यावरून जाणारं गवत काढलं. शेजारी तंबू काढला. तंबूपुढे घोडा, घोड्यावर एक तान्हं मूल. टाळ्या पडल्या. पणज्याच्या गावाबद्दल इतकं रंगवून त्या मंडळींना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर स्टीव्ह म्हणाले, "मार्गित नेनी तर तिकडच्याच आहेत. त्यांनाच विचारू या, हे सगळं असंच आहे का?"

हाच प्रश्न सरांना विचारायचा होता, पण एका कोपऱ्यात, हळू आवाजात. साठ माणसांसमोर आणि बोर्डावर तान्हं मूल घोड्यावर बसलेलं असताना नव्हे. पण आता मागे फिरायला जागा नव्हती. ते बोर्डाजवळून दोन पावलं पुढे आले. "मॅडम," ते म्हणाले, "थर्टी-वन इयर्स आय टॉट धिस. प्लीज टेल मी फ्रँकली."

मार्गित नेनींनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. बोर्डाकडे पाहिलं. गवताकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, मुलाकडे बराच वेळ पाहिलं. अदितीला वाटलं, आता उठावं आणि गाडी सुरू करून ठेवावी.

"सगळं बरोबर आहे," नेनी म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "मूल तर फारच बरोबर आहे."

सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी मार्कर टोपण न लावताच शर्टाच्या खिशात ठेवला. शर्टावर निळा डाग पसरत गेला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. दोन हजार पोरं आणि एकतीस वर्षं, सगळं ओझं उतरलं होतं.

नंतर कॉफीच्या वेळी नेनींनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. इंग्रजी त्यांचंही जेमतेम होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. "मीही भूगोलच शिकवायचे," त्या म्हणाल्या. "देब्रेत्सेनला, पुस्टाला लागूनच. अठ्ठावीस वर्षं. तुमचं गाव कुठलं?"

"दारव्हा. महाराष्ट्र. दख्खनचं पठार. ब्लॅक सॉइल, कॉटन."

नेनींनी त्यांचं मनगटच धरलं. "काळी माती? खरंच? आमच्या पुस्तकात होता तो धडा. भारताची काळी माती. पण फार थोडा. तीन ओळी. त्यात माझा तास पुरा व्हायचा नाही." त्या सरांकडे वाकल्या. "म्हणून मी मुलांना थोडं समजावून सांगायचे. की ही माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की बैल रुततात. म्हणून तिथले शेतकरी हत्तीने नांगरतात. आणि कापूस वेचून झाला की मुलं हत्तीवर बसून घरी जातात. मी कधीच आले नाही तिकडे, आता येणारही नाही. तुम्ही सांगा. बरोबर आहे का?"

अदितीला कॉफीचा ठसका लागला. ज्यांनी बालातोनची खोली सोडली नाही, डॅन्यूब सोडली नाही, त्या बाबांच्या तोंडून आता काय निघणार, हे तिला ठाऊक होतं. सर नेनींच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. घटकाभरापूर्वी आपला चेहरा नेमका असाच झाला असणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना एकदम भरून आलं.

"करेक्ट, मॅडम," ते म्हणाले. "अब्सोल्यूटली करेक्ट. टू एलिफंट्स पर फार्मर."

"आबा," अनया म्हणाली, "देअर आर एलिफंट्स इन दारव्हा?"

"ओन्ली इन रेनी सीझन."

नेनी इतक्या खूश झाल्या की त्यांनी लेकीला हाक मारून खसखशीची अख्खी वळी सरांना बांधून द्यायला लावली.

गाडी पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत अदितीने कसंबसं थोपवून धरलं. मग म्हणाली, "बाबा, हत्ती?"

"अठ्ठावीस वर्षं शिकवलं त्यांनी. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी चूक म्हणून सांगायचं का?"

"पण त्या डेंटिस्टला तर तुम्ही भर सभेत..."

"तो डेंटिस्ट आहे. त्याचं काय पोट भरते भूगोलावर? ह्या मास्तरीण आहेत. मास्तरच मास्तरला सांभाळून नाही घेणार तर कोण घेईन?"

गाडी पुलावर आली. खाली नदी संथ चालली होती. पुलाच्या मध्यावर सरांचा हात मांडीवरच्या वळीवर थांबला.

"अदिती."

"काय बाबा?"

"त्या बाई बोर्डाकडे किती वेळ पाहत होत्या?"

"बराच वेळ, बाबा."

"आणि मुलाकडे?"

"मुलाकडे जास्त."

पूल संपता संपता सरांचे खांदे हलायला लागले. अनयाने घाबरून पुढे वाकून पाहिलं, तर आबा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, निळ्या डागाचा शर्ट गदगदा हलवत. हसू आवरल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मागे वळून पुलापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं.

"आत्ता त्यांच्या गाडीत," ते म्हणाले, "त्यांची लेक विचारून राहिली असेल, 'आई, तंबू?'"