काखेतला बोल्ट

"तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका पुसल्यात मी! तुझी ही पॉइंट टू-टू रायफल म्हणजे दात कोरायची काडी!" प्रल्हादराव नातीला म्हणाले.

नैना हसली आणि रायफल साफ करायला त्यांच्या हाती देऊन कामावर गेली. प्रल्हादरावांना साता समुद्रापार प्लेनोला लेकीकडे येऊन चार महिने झाले होते. इथे भांडी मशीन घासायचं, केर मशीन काढायचं. घरात बंद पडलेलं मशीन एकच, ते स्वतः! आज पहिल्यांदा कुणी काम दिलं होतं. ते बिघडलं, तर पुन्हा सोफा आणि टीव्ही.

रायफल रिकामी असल्याची त्यांनी तीनदा खात्री केली. नळीतून चिंध्या फिरवल्या, मागचा सरकता पोलादी दांडा, म्हणजे बोल्ट, सुटा करून पुसला. नैनाने दिलेल्या तेलाला मात्र घासलेटासारखा वास. "पोरीच्या वस्तूला असलं तेल लावायचं?" म्हणत त्यांनी बाथरूममधली खोबरेलाची बाटली आणली आणि तान्ह्या बाळाला माखावं तसा बोल्ट माखला. खटका असा खणखणीत वाजला, जशी देवघरातली घंटा!

शनिवारी दोघं तीन तास गाडी हाकून वेस्लीच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या कुरणावर गेली. नैना गुरांची डॉक्टर, वेस्लीच्या गाई तिच्याकडेच. तिथे प्रेअरी डॉग नावाचे सशाएवढे उंदीर जमीन पोखरायचे. बिळांत पाय जाऊन दोन गाई लंगड्या झाल्या होत्या, म्हणून ते टिपायला नैनाला बोलावणं. गारठा तर असा, की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागे!

"आता बघा हं!" प्रल्हादरावांनी वेस्लीला मराठीतच बजावलं. नैनाने नेम धरून चाप ओढला.

चक्!

गोळी सुटलीच नाही. उशिरा उडायची, म्हणून ती नळी तशीच रोखून अर्धं मिनिट थांबली. दुसरी गोळी. चक्! तिसरी. चक्! बिळाबिळांतून प्रेअरी डॉग बाहेर येऊन मागच्या पायांवर उभे राहिले, जणू अक्षता घेतलेली लग्नातली मंडळी!

नैनाने रायफल रिकामी करून बोल्ट काढला. "आजोबा, व्हॉट इज धिस? मेण?"

गोळीवर आपटणाऱ्या आतल्या पिनेभोवती पांढरंशुभ्र काहीतरी थिजून बसलं होतं. घरात दिवसरात्र हीटर! थंडीत खोबरेल गोठतं, हे प्रल्हादराव साफ विसरले होते.

"आण इकडे!" त्यांनी बोल्ट घेतला आणि कोट, स्वेटर, बंडी ओलांडून थेट काखेत दाबला. "आई गं!"

"आजोबा, आर यू ओके?"

"ताप बघतोय त्याचा!"

दहा मिनिटांनी खोबरेल पातळ झालं. थोडं बोल्टवर राहिलं, बाकीचं बरगड्यांवरून ओघळलं. नैनाने बोल्ट पुसून बसवला, नेम धरला, आणि तेवढ्यात मागे वेस्लीच्या कुत्र्याला वास लागला! त्या दीड मणाच्या जनावराने प्रल्हादरावांना आडवं पाडलं आणि कोटात तोंड खुपसून काख चाटायला घेतली.

"हाड! हाड! अगं नैने, गुदगुल्या!"

त्या आरोळीने रानातले झाडून सगळे प्रेअरी डॉग बिळांत गेले, ते संध्याकाळपर्यंत वर आले नाहीत. वेस्ली हसून हसून खालीच बसला.

परतीच्या वाटेवर प्रल्हादराव हळूच म्हणाले, "काम गेलं ना माझं?"

"नो वे! रायफल तुम्हीच क्लीन करायची. फक्त तेल माझं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" म्हातारा सीटवर ताठ बसला.

"आणखी कशाला नाही ना लावलं ते खोबरेल?"

प्रल्हादरावांनी घाईघाईने हायवेवरच्या पाट्या मोठ्याने वाचायला घेतल्या. सांगायची वेळ आलीच नाही. घरी पोचेपर्यंत इथेही कडाक्याचा गारठा उतरला होता. नैनाने बटण दाबलं. फार कुरकुरतं म्हणून त्यांनी परवाच प्रेमाने माखलेलं गॅरेजचं दार वीतभर वर गेलं आणि तिथेच थिजलं.