काळ्या डब्याचा खेळ पांढऱ्या डब्यांत उतरला त्याची हकीकत

कवठ्याच्या येमाईस दंडवत घालून, तिचें कुंकू कपाळीं लावून, मौजे न्हावरे, तालुका शिरूर, येथील थोर घराण्यावर जो बाका प्रसंग गुदरला आणि त्यांतून मातोश्री मुक्ताबाईसाहेब कैशा पार पडल्या, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. वाचणारांनीं हसूं नये. हसूं आलेंच तर तोंडास पदर लावावा, कारण बाईंचा कान तिखट आहे.

बाईंचे यजमान राजमान्य राजश्री भिमाजी आप्पा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, टोपी कडक, आवाज त्याहून कडक. पुत्र चिरंजीव रुद्र, यानें हंगामभर उसाच्या ट्रॅक्टरावर धुरळा खाऊन टीव्हीस जोडावयाचा काळा डबा आणिला होता, आणि त्यावर चित्रांतल्या तलवारी हातांतल्या बटणांनीं चालवाव्या ऐसा खेळ चाले. खेळाची ख्याती ऐसी कीं, ज्या कंपनीनें काळा डबा घडविला तिच्याच डब्यांत तो चालावा, दुसरे कंपनीच्या पांढऱ्या डब्यांत त्यास सक्त मज्जाव. आणि कन्या सौभाग्यवती स्वप्नाली कुरकुंभास दिली, तेथें जावई इंद्रजीतराव केमिकलच्या कारखान्यांत शिफ्टची चाकरी करीत, आणि त्यांचे घरीं डबा होता तो पांढरा.

येथेंच सारी मेख होती. इंद्रजीतरावांस तलवारींचा नाद लागला, खेळ तर सासुरवाडीसच, मग दर रविवारीं त्यांची फटफटी न्हावऱ्याच्या रोखें कूच करी, आणि मागील बैठकीवर कन्या आपसूक येई. जावई टीव्हीपुढें मांडी ठोकून मेव्हण्याशीं लढत, मग बाईसाहेबांस लेक दुपारभर चुलीपाशीं लाभे, आणि ऊन उतरलें, रात्रपाळीची याद जाहली कीं फटफटी माघारी फिरे. मुक्काम म्हणून कधीं नाहीं. तरी बाई त्या एका दुपारीवर सारा आठवडा काढीत.

ऐशांत एके रविवारीं रुद्राच्या मोबाइलवर खबर आली कीं, काळ्या डब्याच्या कंपनीनें आपला तलवारीचा खेळ पांढऱ्या डब्यासही बहाल केला, लवकरच उतरणार. इंद्रजीतरावांच्या मुखावर हर्ष मावेना. रुद्रानें हातांतलीं बटणें गादीवर आपटिलीं आणि म्हणूं लागला कीं, मग आम्ही काळा डबा कशापायी घेतला, आमच्या धुरळ्याची काय पत राहिली. आणि चुलीपाशीं बाईंची भाकरी तव्यावर करपली. खेळ कुरकुंभास गेला म्हणजे जावई नाहीं, जावई नाहीं तर फटफटी नाहीं, फटफटी नाहीं तर लेक नाहीं, ऐसें एकामागून एक बाईंच्या मनांत आलें.

जावयाची पाठ वळतांच बाईंनीं मसलत भरविली आणि हुकूम केला कीं, चेअरमननीं शिरुरास जाऊन हा खेळ रोखावा. बाईंचे समजुतीस कंपनी म्हणजे थोरली दूध संस्था आणि शिरूरचा दुकानदार म्हणजे तिचें संकलन केंद्र, मग चेअरमननें चेअरमनास निरोप धाडिला कीं काम फत्ते. आप्पांची समजूतही हीच, कारण निराळी समजूत करून घेण्याची गरज त्यांस आजवर पडली नव्हती.

मग आप्पा रुद्राचे गाडीवर मागें बसून, टोपी एका हातानें धरून शिरुरावर चालून गेले, आणि संपतशेठ मोबाइलवाले यांचे दुकानीं तळ दिला. शेठनीं चहा मागविला. आप्पांनीं संस्थेचा कायदा सुनाविला कीं, सभासदानें दूध आपल्याच डेअरीस घालावें, पलीकडच्या डेअरीस घातलें तर दिवाळीचें तूप बंद, तद्वत् कंपनीनें आपला खेळ आपल्याच डब्यांत घालावा. शेठ अदबीनें बोलिले कीं, काळे डबे ज्यांनीं घ्यावयाचे त्यांनीं घेतले, पांढरेवाले मुलूखभर ताटकळत बसले, मग कंपनीनें कासंडीभर दूध नासवावें कशास. आणि रुद्राचा रुसवाही खोटा नाहीं, ऐसेंही तेच बोलिले, कारण दोन्हीकडचें गिऱ्हाईक राखणें हा त्यांचा कुलाचार होता. अखेर म्हणाले, "आप्पा, खेळ आता दुकानात येतच न्हाई. नेटवरनं थेट घरात उतरतो. मी कुणाला अडवू?" मग फौज भेळ खाऊन परतली.

पुढील रविवारीं बाईंनीं स्वतः मोर्चा धरिला. लेकीस समोर बसवून म्हणाल्या, "आपलं दूध आपल्या डेअरीला, आपला खेळ आपल्या डब्याला. ह्यात काय चुकलं?"

स्वप्नालीनें भाकरीचा तुकडा मोडिला आणि शांतपणें विचारिलें, "आई, सांजचं दूध कुठं जातंय?"

सवाल नेमका वर्मीं लागला. कारण खुद्द चेअरमनच्या गोठ्यांतलें सांजेचें दूध पलीकडच्या डेअरीस जात होतें! तेथें बाईंची बालपणची मैत्रीण धुरपदा रोज संध्याकाळीं दूध घेऊन येई, मग दोघी कासंड्या खालीं ठेवून अंधार पडेतों बोलत. हें सारा गाव जाणे, आप्पा सर्वांआधीं जाणत, आणि पाहून न पाहिलेसें करीत. ते समयींही आप्पांस गोठ्यांत कांहीं काम आठवलें.

"धुरपदामावशी भेटती म्हणून जातीस तू," लेक म्हणाली. "दूध नुसतं निमित्त. मी बी तलवारी बघाया येत न्हाई."

"पण तुला निमित्त कुठलं राहणार आता?" बाई म्हणाल्या. हाच घोर स्वप्नालीसही होता.

मग खेळ उतरला, आणि रविवार आला. बाईंनीं पहाटेस उठून मासवड्या केल्या, लेकीस आवडतात म्हणून, आणि कान रस्त्याकडे लाविले. फटफट्या बहुत गेल्या, आपली एक नाहीं. रुद्र कानांस यंत्र लावून एकटाच टीव्हीपुढें बसला, आप्पा उगाच अंगणांत येरझारा घालूं लागले, आणि दुपार कलली तेव्हां बाईंनीं ताटें झांकलीं.

इतक्यांत दौंडाहून शिरुरास जाणारी एसटी फाट्यावर थांबली आणि स्वप्नाली उतरली. एकटीच, आणि हातांत भलीमोठी बॅग. बाई धांवत सामोऱ्या गेल्या आणि पहिला सवाल हाच केला, "भांडून आलीस का गं?"

लेक हसूं लागली. "त्यांचा खेळ उतरला, आई. सकाळधरनं मान वर न्हाई. म्हणाले, तू जा आईकडं, चार दिवस राहा, काय घाई करू नगंस. एसटीत बसवलं आन् पळतच माघारी गेले."

चार दिवस! लग्न होऊन गेलेली लेक आजवर सांजेपलीकडे राहिली नव्हती. बाई वाटेंतच उभ्या राहिल्या, आणि आनंदानें त्यांना रडूं फुटलें. घरांत रुद्र हवेस ओरडत होता, "दाजी, मागं बघा, मागं," कारण आतां दोघे आपापल्या गांवीं बसून एकाच रणांत लढत होते, आणि काळ्या डब्याचा रुसवा त्या धुमश्चक्रींत कोठें गेला तें त्याचें त्यास ठाऊक नाहीं. बाईंनीं डोळे पुसले आणि उंबऱ्यावरूनच फर्मान सोडिलें, "रुद्र्या, ह्या खेळाचा दुसरा भाग कवा येतोय? तो आधी पांढऱ्या डब्यात घाला म्हणावं."

सांजेस मायलेकी कासंडी दोघींत धरून, भर रस्त्यानें, संस्थेच्या दारावरून, पलीकडच्या डेअरीकडे निघाल्या. चेअरमनसाहेब पायरीवर बसले होते. आज त्यांनीं न पाहिलेसें केलें नाहीं. म्हणाले, "नीट धरा. सांडंल."

येणेंप्रमाणें न्हावऱ्याचा रणसंग्राम समाप्त जाहला. खेळ दोन्ही डब्यांत गेला, दूध दोन्ही डेअऱ्यांस गेलें, लेक माहेरीं मुक्कामास राहिली, आणि फत्ते मातोश्री मुक्ताबाईसाहेबांचे नांवें लिहिली असे. त्यांनीं जें रोखूं म्हटलें तेंच घडून ही फत्ते जाहली, ही गोष्ट त्यांजपुढें कोणी काढूं नये.