दोन्ही सुनांच्या गोळ्या

तेनालीच्या सुभद्रम्मांना ताप आला आणि घरातल्या दोन्ही चुली त्यांच्या सेवेला धावल्या. थोरली सून हैमवती गोळी घेऊन आली. "अत्तय्या, तापावर ही घ्या. सकाळ, दुपार, रात्र." तिची पाठ वळते न वळते तोच धाकटी लावण्या हजर. "ही सर्दीची, तीन वेळा. अक्काच्या गोळीनं नाक मोकळं होतंय होय?"

सुभद्रम्मांनी दोन्ही गिळल्या. एकीची घेऊन दुसरीची परत केली असती, तर त्या चुलीवरचं चारू, म्हणजे चिंचेचं सार, आठवडाभर अळणी आलं असतं. त्यातून गुडघ्याची गोळी त्या दोन वर्षं आपल्या मनानं दिवसातून तीनदा घेतच होत्या. दिवसाला नऊ गोळ्या झाल्या.

चौथ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या.

"धाकटीकडचं काही बाधलं असेल," हैमवती म्हणाली.

"मी मऊ भात दिला. गोळ्या कुणी सुरू केल्या ते विचारा," लावण्या म्हणाली.

थोरल्या मुलानं, कोटेश्वरानं, आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग तिन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली.

"नावं तीन, औषध एकच. पॅरासिटामॉल. धडधाकट माणसानंसुद्धा दिवसात चार ग्रॅमच्या वर घेऊ नये, ह्यांच्या वयाला त्याहून कमी. ह्यांच्या पोटात रोज पाच ग्रॅम जात होतं. यकृताला इजा झालीय."

"पण ही तर साधी गोळी. चिठ्ठीशिवाय मिळते," कोटेश्वर म्हणाला.

"म्हणून तर पाकीट कुणी वाचत नाही."

बाहेर बाकावर, मागोमाग आलेल्या जावांची जुंपली. "माझ्या गोळीत पाचशेच होतं, अक्का. तुझ्यात साडेसहाशे." "पण माझी आधी होती." आत सलाईन लावून पडलेल्या सुभद्रम्मांना शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्या कशा आहेत हे बघायला मात्र कुणी डोकावलं नाही.

आठवड्यानं त्या घरी आल्या, बऱ्या झाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा अंग तापलं.

"हैमा, एक गोळी दे गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, आता एक चालेल."

"नको, अत्तय्या. काही झालं तर माझ्यावर यायचं. लावण्याला विचारा."

लावण्या दारातच थबकली. "गोळी नाही हं. पाणी देते हवं तर."

तिनं पेला भरला. मग हैमवतीला हाक मारून समोर उभं केलं आणि तिच्या देखत तो सासूच्या हातात दिला. सुभद्रम्मा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटतंय आता."