जुनी बदलून नवी मिळणेबाबत

विष्णुपंत जोर्वेकरांचं पत्र आलं की माणसं आधी बूड टेकायला जागा शोधत, मग वाचायला घेत. कोल्हारजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात पंत सव्वीस वर्षं हेडक्लार्क होते, आणि आपल्यासारखं पत्र अख्ख्या जिल्ह्यात कोणी लिहीत नाही असं त्यांचं मत होतं. ते खरंही होतं. नळाची तोटी बदलून हवी असली तरी पंतांचं पत्र 'सा. न. वि. वि.'पासून निघायचं, केंद्राच्या स्थापनेवरून जायचं, प्रवरेच्या दोन महापुरांना वळसा घालायचं आणि तिसऱ्या पानावर थकूनभागून तोटीपाशी पोचायचं. तोवर तोटी कोणीतरी सुतळीनं बांधलेली असे.

एका गुरुवारी नगरच्या मुख्य कचेरीनं सगळ्या हेडक्लार्कांना 'प्रभावी कार्यालयीन लेखन' या प्रशिक्षणाला बोलावलं. पंत गेले ते शिकवायच्याच तयारीनं. शिकवायला मनवा मॅडम होत्या, पुण्याच्या, पंतांच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पडद्यावर एक पत्र दाखवलं. खालचं नाव झाकलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत महापूर आला आणि चाळीस डोकी पंतांकडे वळली.

"या पत्रात मागितलंय काय?" मॅडमनी विचारलं.

एकजण म्हणाला, पंखा. दुसरा म्हणाला, रजा. मॅडमनी मग पत्रलेखकालाच विचारलं. पंत उभे राहिले, पडद्याकडे पाहिलं, आणि पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचून काढलं. त्यांनाही आठवेना.

तो दिवस पंतांना लागला. आणि जन्मभर गोडधोड खाल्लेला माणूस एकदा पथ्यावर बसला की घरच्यांचीही साखर बंद करतो, तसं त्यांचं झालं. मॅडमनी सांगितलेले नियम त्यांनी पाठच केले. वाक्य छोटं ठेवा. श्रीमती, माननीय, सदरहू गाळा. एकदा नाव घेतलं की पुन्हा पुन्हा घेऊ नका, पुढे 'तो', 'ती', 'ते' पुरतं. परतताना बसमधूनच त्यांनी बायकोला मोबाईलवर संदेश धाडला, 'चहा. सहाला.' शोभाताईंचं उत्तर त्याहून नेटकं आलं. 'स्वतः.'

शुक्रवारी सकाळी पंत कचेरीत शिरले तेव्हा झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. झुंबरबाई म्हणजे केंद्रातल्या कॅन धुण्याच्या मशीनवरची बाई. दुधाचे रिकामे कॅन त्या मशीनमध्ये घालायच्या आणि लखलखीत करून बाहेर काढायच्या. मशीन बसली त्याच वर्षी बाई लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. मशीन आता पार खिळखिळी झाली होती.

"पंत, वर कळवा की. लई तरास देती. दोन लाथा घातल्याबिगर सुरूच हुईत न्हाई."

"आजच कळवतो. आणि बघा, एका दिवसात उत्तर येतं की नाही."

पंतांनी लिहायला घेतलं. जुन्या सवयीनं पहिला मसुदा दोन पानी झाला. मग ते खाटकाच्या निर्दयपणानं एकेक शब्द तोडत बसले. 'श्रीमती' गेली, 'केंद्रातील ज्येष्ठ कर्मचारी' गेली, मशीनचं नाव पाच वेळा आलं होतं ते चार वेळा गेलं. दुपारी मुख्य कचेरीला जे पत्र गेलं ते असं :

'विषय : जुनी बदलून नवी मिळणेबाबत.
झुंबरबाई कॅन मशीनवर आहे. बावीस वर्षं झाली. ती आता जुनी झाली. सकाळी लवकर सुरू होत नाही. पाणी फार पिते. आवाज सहन होत नाही. दुपारनंतर गळते. बदलून नवी द्यावी.'

पंतांनी ते केंद्राचे व्यवस्थापक कानिफनाथ यांना दाखवलं. कानिफनाथांना पंतांची पत्रं न वाचता सही करायची सवय होती. एवढंसं पत्र बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी न वाचताच पंतांची पाठ थोपटली.

शनिवारी उत्तर हजर. मुख्य कचेरीतले अमृतसाहेब त्याच प्रशिक्षणात पुढच्या रांगेत बसले होते, तेव्हा उत्तरही तसंच आलं. 'मंजूर. नवी सोमवारी रुजू होईल. जुनी मोकळी करून नगरला पाठवा. पुढचं इथे बघू.'

मशीन रुजू होईल, हे पंतांना जरा अलंकारिक वाटलं. पण साहेबांनी एवढी मौज केली तर केली, म्हणून त्यांनी सोडून दिलं. 'मोकळी करा' म्हणजे नटबोल्ट काढा, हे तर उघडच होतं.

सोमवारी सकाळचे कॅन उतरवून होताच चौघांनी पाने घेऊन मशीन मोकळी केली. झुंबरबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. काही झालं तरी बावीस वर्षं लाथा घातल्या होत्या, तेवढा जिव्हाळा होताच. टेम्पोवाला सहादेव ती घेऊन नगरला निघाला तेव्हा बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नव्या मशीनसाठी नारळ हातात घेऊन रिकाम्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

साडेनऊच्या एसटीतून चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उतरली. पाठीवर पिशवी, हातात कागद.

"सर, मी निकिता. नेवाशाहून आले. इथं रुजू व्हायचंय."

"कुठल्या कामावर?" पंतांनी विचारलं.

"कॅन मशीनवर. जुनी बदलून नवी पाठवा म्हणालात ना? ती मी."

पंतांनी मुलीला घाईघाईनं खुणेनं आत बोलावलं. पण झुंबरबाई नारळासकट पुढे आल्या होत्या.

"ही कोन? आन् मशीन कुठंय?"

"मावशी, मशीनचं मला काही सांगितलं नाही. मला झुंबरबाईंच्या जागी पाठवलंय. त्यांची फार तक्रार आहे म्हणे." निकितानं निरागसपणे कागद उलगडला. "पत्राची प्रत जोडली आहे ना. वाचू?"

"नको," पंत म्हणाले.

"वाच," झुंबरबाई म्हणाल्या.

निकितानं स्वच्छ, शाळेत पाठ म्हणावा तशा आवाजात सगळं वाचून दाखवलं. भोवती सात-आठ कामगार जमले होते. 'पाणी फार पिते'ला एकानं तोंडात रुमाल कोंबला. 'दुपारनंतर गळते'ला दोघं कॅनांच्या उतरंडीमागे पळाले, आणि थोड्या वेळानं तिथला एक कॅन गडगडत बाहेर आला.

झुंबरबाईंनी नारळ काखेत मारला आणि पंतांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पंत, मी गळती?"

"अहो बाई, ती म्हणजे तुम्ही नव्हे. ती म्हणजे मशीन."

"मंग मशीन लिवायचं."

"नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं नसतं, असा नियम आहे."

"का? नाव घ्यायला काय उखाना लागतो?"

एवढ्यात फोन वाजला. अमृतसाहेब होते. "जोर्वेकर, इथं फाटकात टेम्पो आलाय. त्यात लोखंडाचं एक धूड आहे, हार घातलेलं. बाई कुठंय?"

पंतांनी सांगायला सुरुवात केली, पण साहेब कामात होते. "काय असेल ते लेखी कळवा. थोडक्यात," म्हणाले आणि फोन ठेवला.

इकडे झुंबरबाईंनी नारळ परत पिशवीत टाकला आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसल्या. "मला मोकळं केलंय. आता नवी करील काय करायचं ते."

नवीला करायला काही नव्हतंच. मशीन नगरच्या फाटकात आणि दोनशे चाळीस कॅन ओट्यावर. चारला संध्याकाळच्या दुधासाठी रिकामे कॅन घेऊन गाड्या निघायच्या, आणि खरकट्या कॅनात दूध घातलं तर आसपासच्या बारा गावांचं दूध नासलं असतं. कानिफनाथांनी बाह्या सरसावल्या, सगळ्यांच्या हातात घासण्या दिल्या. निकितानं ओढणी कमरेला बांधली आणि कॅनात तोंड घालून रडत रडत घासू लागली. तिच्या वडिलांनी नोकरीचे गल्लीभर पेढे वाटले होते.

पंतांनी आधी पत्र लिहिलं. बाईंची नोकरी वाचवणं पहिलं, या घाईत ते पुन्हा पथ्याचंच झालं. 'चूक झाली. जुनीच चांगली आहे. नवी नको. जुनी परत मिळावी.' ते मोबाईलवरून मुख्य कचेरीला धाडलं आणि मग पंतही घासायला बसले.

अर्ध्या तासानं लिंबाखालून आवाज आला. "पंत, कॅन धुताय का न्हानाला उटनं लावताय?"

पंत आणखी जोरात घासू लागले.

"तळ घासा. तळाला साय बसती." थोडा वेळ गेला. "तसं न्हाई. हात फिरवा. अवो गोल." आणखी थोडा वेळ गेला. शेवटी ते बघणं झुंबरबाईंना सोसेना. त्या उठल्या, पंतांच्या हातातली घासणी ओढून घेतली आणि निकिताला म्हणाल्या, "पोरी, रडू नकू. डोळ्याचं पानी खारं असतं, दूध फाटंल. बघ, असं धरायचं."

साडेतीनला शेवटचा कॅन पालथा पडला. तेवढ्यात सहादेवचा टेम्पो आला. टेम्पोत तीच जुनी मशीन, गळ्यात तोच हार, आणि सोबत साहेबांचा कागद. 'विनंतीप्रमाणे जुनी परत. नवीची मागणी रद्द.'

साहेबांनी या वेळी 'जुनी' आणि 'नवी' म्हणजे मशीन धरली, त्यामुळे नव्या मशीनची आशाही संपली होती. जुनी तर साठ-साठ किलोमीटरचे खड्डे दोनदा खाऊन आली होती. ओट्यावर बसवली, कळ दाबली, झुंबरबाईंनी दोन लाथा घातल्या, तिसरी निकितानं घातली. मशीननं एक उचकी दिली आणि डोळे मिटले.

पंत पायरीवर बसले. हातांना फोड आले होते. त्यांनी झुंबरबाईंसमोर हात जोडले आणि म्हणाले, "बाई, आजवरच्या माझ्या प्रदीर्घ सेवेत, कळत वा नकळत, कुणाच्याही सन्मानास यत्किंचितही बाधा यावी असा हेतू मनात..."

"पंत, दूध नासंल तवर. थोडक्यात."

"चुकलो."

"हां. आता मी सांगते, ते लिवा."

मंगळवारी सकाळी झुंबरबाई कचेरीतल्या खुर्चीत बसल्या, निकिता बाजूला, आणि पंत लिहू लागले. बाईंनी एकही 'ती' येऊ दिली नाही. 'कॅन धुण्याची मशीन, जी लोखंडाची आहे, ती मशीन,' असं सुरू झालं. 'ही मशीन म्हणजे झुंबरबाई नव्हे. मशीनला दोन नातू नाहीत, झुंबरबाईंना आहेत. झुंबरबाई चहा पितात, मशीन पाणी पिते. गळते ती मशीन. झुंबरबाई आजवर कधीही, कुठेही गळलेल्या नाहीत.' या शेवटच्या वाक्याखाली बाईंनी दोन रेघा मारायला लावल्या. पंतांची लेखणी चार दिवसांच्या उपवासानंतर जेवायला बसली होती. मध्ये त्यांनी एक 'सदरहू' सोडलं, बाईंना ते मंत्रासारखं वाटलं, त्यांनी आणखी चार घालायला सांगितली. निकितालाही इथेच ठेवून घ्यावं, दूध तपासणीचं टेबल दोन महिने रिकामं आहे, असंही एक पान झालं. शेवटी महापूर आला. बाईंनी तो तिसराही आठवून दिला.

पाच पानं झाली. पंतांनी पाकीट चिकटवलं, त्यावर स्वतःच्या हातानं पत्ता घातला आणि सहादेवच्या स्वाधीन केलं. "साहेबांच्या हातात दे. सगळं त्यात आहे."

त्या दिवशीचे कॅनही सगळ्यांनी हातांनीच धुतले. आणि दुपारी तीन वाजता सहादेवचा टेम्पो आत शिरला तेव्हा त्यात नवी कोरी मशीन होती, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. सोबत हुकूम, निकिताला दूध तपासणीवर घ्यावं. झुंबरबाईंनी नारळ असा फोडला की एक भकल रस्त्यावर गेलं. कानिफनाथ पंतांना म्हणाले, "मानलं बुवा. लेखणी ती लेखणी."

पंतांची छाती अशी भरून आली की सदऱ्याचं वरचं बटण ताणलं गेलं. त्यांनी सहादेवला बाजूला घेतलं. "साहेब काय म्हणाले वाचून? कितव्या पानावर पाघळले?"

सहादेवनं खिशात हात घातला आणि पाकीट काढून पुढे केलं. चिकटवलेलं होतं तसंच.

"फाटकातच भेटले की सायेब. जेवाया निघाले हुते. मी म्हनलं, मशीन बिघाडली, बाई धडधाकट हाय, आन् ती पोरगी टेबलावर बसवा. बरं म्हनले. ह्ये द्यायचं ऱ्हाऊनच गेलं बगा."

पंतांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात नव्या मशीनच्या घरघरीतून झुंबरबाईंनी हाक दिली. "पंत, काय म्हनले सायेब आपल्या पत्राला?"

पंतांनी पाकीट सदऱ्याच्या आत सारलं आणि बटण लावलं.

"काय म्हणणार," ते म्हणाले. "एक शब्द बोलले नाहीत."