राक्षसाच्या पायातले पंपशू

नत्थूजी वडनेरहून निघाले तेव्हा त्यांच्या पायात रोजच्या वाहणा होत्या. नागपूरपर्यंत त्याच पायात राहिल्या असत्या, तर ही गोष्ट सांगायची पाळीच आली नसती. पण हिंगणघाटला रेल्वेला वेळ होता, तेव्हा रूपरावांकडे घोटभर चहा घेऊन जावं असं त्यांच्या मनानं घेतलं. झालं ते सगळं त्या चहापायी झालं.

रूपराव म्हणजे नत्थूजींचे होऊ घातलेले व्याही. नत्थूजींची धाकटी मीरा रूपरावांच्या ताराचंदला द्यायची, अशी बोलणी तीन महिन्यांपासून सुरू होती. नत्थूजींनी नागपूरहून परत येताना दसऱ्याच्या दिवशी यायचं, चार माणसांसमोर सुपारी फोडायची, इथवर गाडं आलं होतं. पण सुपारी फुटेपर्यंत काही खरं नसतं, आणि रूपराव होते मोठे नाजूक मनाचे. एका सोयऱ्यानं त्यांची छत्री नेली आणि दांडा वाकवून परत आणली, तर त्या सोयऱ्याच्या घरचं पाणी रूपराव सात वर्षं प्याले नव्हते. ही छत्रीची हकीकत हिंगणघाटात लहान पोरालाही पाठ होती.

तर चहा पिता पिता रूपरावांची नजर नत्थूजींच्या पायांकडे गेली. ते म्हणाले, "नागपूरले लेकीच्या घरी चालले अन् हे पायात? तुमची विहीण काय म्हणंन?"

नत्थूजी नुसते हसले. (त्यांना काही सुचलं नाही की ते हसत. त्यामुळे गावात त्यांचा हसतमुख म्हणून लौकिक होता.) तोवर रूपराव आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेले काळे कुळकुळीत पंपशू घेऊन आले. कातड्यात तोंड दिसावं असे. नत्थूजी तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा नाही म्हणणं म्हणजे व्याह्याच्या वस्तूला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. वाहणा रूपरावांच्या ओट्यावर राहिल्या आणि नत्थूजींचे पाय पंपशूत गेले.

"दसऱ्याले घेऊन येजा," रूपराव म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण नत्थूजींना त्यात छत्रीचा वाकलेला दांडा दिसला, आणि त्याच्यामागं मीराचं तोंड दिसलं.

पंपशू स्टेशनावर पोचेपर्यंतच चावायला लागले. वर्ध्याला गाडी बदलताना दोन्ही टाचांवर फोड आले. नत्थूजींना वाटलं, चूक आपल्या पायांची. जन्मभर उघड्या वाहणांत हिंडलेले, काळ्या मातीत पसरलेले पाय. त्यांना शहरी जोडे कसे मानवावेत? त्यांनी पायांची समजूत घातली आणि लंगडत नागपूर गाठलं.

नागपुरात मोठी लेक कमला, जावई प्रभाकरराव आणि विहीणबाई लीलाबाई. प्रभाकरराव सरकारी कचेरीत कारकून. कागदाशिवाय त्यांचं पान हलत नसे. सासऱ्यांना काय काय दाखवायचं याची त्यांनी तारीखवार यादीच केलेली होती. नवरात्राचे दिवस म्हणजे नागपुरात पाहुण्यांना पाहायला काय कमी? सर्कस होती, प्रदर्शन होतं, आकाशपाळणा होता, तिसऱ्या दिवशी नाटक होतं.

लीलाबाईंनी दारातच पंपशू पाहिले. म्हणाल्या, "व्याहीबुवा, जोडे तं झकास घेतले तुमी."

इथं नत्थूजींनी खरं सांगून टाकायचं. सांगायला किती वेळ लागतो? पण विहीणबाईंचा तो कौतुकाचा सूर कानावर पडला आणि नत्थूजींच्या तोंडून निघालं, "हो." एकच अक्षर. ते आता तीन दिवस निभवायचं होतं.

महाराजबागेतला वाघ त्यांनी एका पायावर उभं राहून पाहिला. सर्कशीतली पोरगी तारेवरून चालली तेव्हा बाकीचे लोक श्वास रोखून बसले होते. नत्थूजी पाहत होते ते तिचे मऊ कापडी जोडे. प्रदर्शनात हजारो विजेचे दिवे लागले होते, त्यांचा उजेड पंपशूंवर पडला की हे आपले धूळ पुसायला खाली वाकत. मनापासून आवडला तो आकाशपाळणा, कारण त्यात पाय जमिनीला टेकत नव्हते. ते तीनदा बसले. जावयाला वाटलं, म्हातारा रंगेल आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाटक. कचेरीतल्या हौशी मंडळींनी बसवलेलं; त्यात देवी राक्षसांच्या राजाला मारते. प्रभाकररावांची ओळख होती, म्हणून त्यांनी सगळ्यांना बाजूच्या दारानं आत नेलं. तिथं रंगपटाच्या तोंडाशी पाटावर देवीची तसबीर, पुढं दिवा, फोडलेला नारळ. सगळ्यांनी पायातलं काढलं, हात जोडले, पुन्हा पायात घातलं आणि मंडळी आपापल्या खुर्च्यांकडे निघाली.

नत्थूजींनी घातलं नाही.

वडनेरला देवीचं सोंग निघायचं असलं की सारं गाव निंबाखाली पायातलं काढून बसतं. देवीसमोर चामडं घालून कोणी बसत नाही. पाटलालाही कोणी बसू दिलं नसतं. इथंही आता देवीच येणार होती. नत्थूजींनी पंपशू पाटाशेजारी भिंतीला लावून, चवडे भिंतीकडे करून नीट ठेवले. (यात भक्ती चार आणे आणि टाचांचे फोड बारा आणे होते, हे देवीलाही दिसत असावं.) आणि उघड्या पायांनी, तीन दिवसांत पहिल्यांदाच सुखानं, ते खुर्चीत जाऊन बसले.

पहिली घंटा झाली. नत्थूजींनी सहज आजूबाजूला पाहिलं. उजवीकडच्या माणसाच्या पायात बूट. त्याच्यापलीकडे चपला. पुढच्या रांगेत बूट. मागं बूट. साऱ्या मांडवात उघडे पाय दोनच, आणि ते त्यांचे.

म्हणजे जोडे बाहेर ठेवायची इथं रीतच नव्हती. म्हणजे तिथं एकच जोडी पडलेली होती. तीही नवी.

उठून जावं तर डावीकडे लीलाबाई, त्यांच्यापुढं कमला आणि चार अनोळखी बायका. विहिणीच्या गुडघ्यांसमोरून अंग घासत जायचं कसं? उजवीकडून जावं तर अकरा माणसं. तेवढ्यात दुसरी घंटा झाली, दिवे मालवले, पडदा वर गेला. नत्थूजी देवीचं नाव घेत बसले. देवी अजून रंगपटात होती.

पहिल्या प्रवेशात ऋषी आले. नत्थूजींनी त्यांचे पाय पाहिले. खडावा. दुसऱ्यात दोन शिपाई आले, उघड्या पायांचे. जीव जरा भांड्यात पडत होता तोच ढोल वाजले आणि राक्षसांचा राजा आला. अंगानं आडवातिडवा, मिशा कानापर्यंत, डोक्यावर शिंगं, कमरेला तलवार. आणि पायात काळे कुळकुळीत पंपशू.

राजाच्या मोजड्या भाड्याच्या कपड्यांबरोबर आल्याच नव्हत्या. ऐन वेळी कोणाला तरी पाटाजवळ बेवारशी जोडी दिसली. हे सगळं नंतर कळलं. त्या घटकेला नत्थूजींना एवढंच कळलं की मीराचं लग्न रंगभूमीवर चालून राहिलं आहे, आणि चालणाऱ्याचं वजन अडीच मण आहे.

राजा पाय आपटत बोलायचा. प्रत्येक वाक्याला एक पाय. नत्थूजी प्रत्येक पायाला खुर्चीत एक इंच उडत. राजानं ऋषीला लाथ मारली तेव्हा लोक हळहळले, आणि नत्थूजी पुटपुटले, "हळू मार बाप्पा." लीलाबाईंनी चमकून पाहिलं. राजा सिंहासनावर बसला तेव्हा ते म्हणाले, "आता बसूनच राय." आणि देवीनं युद्धाला ये म्हणून आव्हान दिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नोको जाऊ."

"व्याहीबुवा," लीलाबाई हलकेच म्हणाल्या, "तुमी राक्षसाच्या बाजूनं काऊन बोलून राह्यले?"

नत्थूजी हसले.

मध्यंतरात माणसं उठली तसे ते बाजूच्या दाराकडे धावले. दारात एक माणूस उभा होता. नत्थूजींनी त्याला समजावून सांगितलं, की राजाच्या पायातले जोडे आपले आहेत. त्या माणसानं त्यांचं धोतर पाहिलं, उपरणं पाहिलं, उघडे, भेगाळलेले पाय पाहिले. मग तोही समजुतीनं बोलला, की बाबा, नाटकातलं सगळं खोटं असते, जीवाले लावून घ्याचं नाई. आणि त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या अंकात युद्ध झालं. ते कसं झालं ते नत्थूजींना विचारू नये. राजा धावला, नाचला, घसरला. एकदा तर उजवा चवडा दुमडून गुडघ्यावर बसला आणि तसाच बसून दहा ओळी बोलला. देवीनं त्याला एकदाचं आडवं पाडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या नत्थूजींच्या होत्या. लीलाबाईंना बरं वाटलं. शेवटी का होईना, माणूस देवीकडे आला.

आता पडदा पडायचा, पण पडला नाही. नवरात्र म्हणून मंडळींनी वरच आरती लावली, आणि लोकांना रांगेनं देवीच्या पाया पडायला बोलावलं. देवी त्रिशूळ रोखून उभी, तिच्या पायाखाली राजा मरून पडलेला. आरती संपेपर्यंत त्याला हलता येत नव्हतं.

नत्थूजींना वाट दिसली. ते लीलाबाईंच्या मागं रांगेत लागले. वर पोचले. लीलाबाई देवीच्या पायांवर वाकल्या. नत्थूजी वाकले ते राक्षसाच्या पायांवर, आणि उजवा पंपशू दोन्ही हातांनी धरला.

मेलेल्या राजाचा एक डोळा उघडला. "आजोबा, पाय सोडा," तो ओठ न हलवता म्हणाला.

"पाय तुमचे तुमाले ठेवा. जोडे माये हायत."

"पडदा पडल्यावर देतो ना. आत्ता मी मेलोय."

"मेलेल्याले काय करायचे जोडे?"

राजानं हळूच पाय ताणून दिला. पण पाय फुगलेला, जोडा निघेना. नत्थूजींनी ओढलं तसा राजा वीतभर सरकला, त्याच्या छातीवरचा देवीचा पाय सरकला, आणि देवी त्रिशुळाच्या आधारानं कशीबशी सावरली. दातांतल्या दातांत तिनं विचारलं, की राजाला ओढतंय कोण. (आवाज पुरुषाचा होता. देवी टपालखात्यात होती.)

एक जोडा निघाला. दुसरा निघाला. नत्थूजींनी दोन्ही उपरण्याखाली घातले आणि मान वर केली, तर सगळा मांडव त्यांच्याकडे पाहत होता. मागं कोणीतरी म्हणत होतं, की पाहा, हा म्हातारा राक्षसाच्याही पाया पडला. देवीच्या हातून मेला म्हणजे तोही पावनच झाला, हे आपल्याला सुचलं नाही. लीलाबाईंनी ते ऐकलं. त्या वळल्या आणि राक्षसाच्या उघड्या अंगठ्याला हात लावून नमस्कार केला. मग मागच्या बाईनं केला. मग सगळ्या रांगेनं. बिचाऱ्या राजाला गुदगुल्या होत होत्या, पण शेवटपर्यंत तो मेलेला राहिला.

टांग्यात लीलाबाईंनी विचारलं, "जोडे कुठं गेले?"

"नवरात्र हाय," नत्थूजी म्हणाले.

त्या दिवसापासून विहीणबाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या. आणि पंपशू पुन्हा पायात घालायची सोय उरली नाही. पायांना आनंद झाला.

पण पायांच्या आनंदानं मीराचं लग्न होत नाही. एकांतात नत्थूजींनी उपरणं सोडून पाहिलं. जोडे फाटले नव्हते, पण फाकले होते. दोन्ही बाजू बाहेर आलेल्या, टाच ढिली, चवड्यावर सुरकुती, डाव्यावर लाल रंगाचा ओघळ. रंग त्यांनी खोबरेल लावून काढला. फाकलेलं कातडं मात्र खोबरेलानं आवळत नाही.

दसऱ्याच्या सकाळी ते हिंगणघाटला उतरले ते मनाशी ठरवून, की खरं सांगायचं. सोयरीक मोडली तर मोडली. लेकीच्या संसाराची सुरुवात खोट्यानं नको. स्टेशनापासून रूपरावांच्या घरापर्यंत ते एकच वाक्य घोकत गेले: तुमचे जोडे राक्षसानं घातले. प्रत्येक वेळी ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

बैठकीत चार माणसं बसली होती. मधे तबक, तबकात सुपारी आणि अडकित्ता. नत्थूजींनी फडकं पुढं ठेवलं आणि मान खाली घातली. रूपरावांनी गाठ सोडली. जोडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. उजवा पायात घातला, डावा घातला. उठले. दारापर्यंत गेले. दारात उभे राहिले. परत आले.

नत्थूजींनी तोंड उघडलं. "रूपरावजी, खरं सांगतो, हे जोडे..."

"सैल झाले," रूपराव म्हणाले.

"हो," नत्थूजी म्हणाले.

"दोन महिन्यांपासून चावून राह्यले होते मले. पाऊल टाकू देत नव्हते." रूपरावांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "तुमचे वावरातले पाय पायले अन् म्हटलं, सैल करंन तं हाच माणूस करंन. पण इतले झकास करान, असं नोतं वाटलं." त्यांनी स्वतःच अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली.

नत्थूजी अजूनही खरं सांगणार होते. पण सुपारीचं खांड आधी तोंडात आलं.

जेवणखाण झालं. नत्थूजी ओट्यावर आपल्या वाहणा पायात घालत होते, तेव्हा रूपरावांचे थोरले भाऊ आतून बूट घेऊन आले. पाठोपाठ ताराचंदसाठी लग्नाला घेतलेले जोडे आले. रूपराव म्हणाले, आता तुम्ही घरचेच झाले, तुमच्याशी काय लाजायचं. अक्षयतृतीयेपर्यंत सवडीनं सैल करा.

वडनेरच्या बैलबंडीत नत्थूजी दोन जोड्या मांडीवर घेऊन बसले होते. थोरल्या भावांच्या बुटात त्यांनी पाय घालून पाहिला. चवड्यापुढं गेला नाही. गाव येईपर्यंत त्यांना एकाच गोष्टीची चुटपुट लागून राहिली होती: त्या राक्षसाचा पत्ता विचारून ठेवायला पाहिजे होता.