याकूबचाचांचं अर्धं टेबल

अन्याय झाला तो याकूबचाचा जॉबर यांच्यावर, आणि तो झाला मंगळवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान. निजामपुऱ्यातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीतून त्यांच्या टेबल टेनिसच्या टेबलाचा अर्धा भाग भरदिवसा गायब करण्यात आला. हे मी पत्रकात छापलं, दोनशे प्रती काढल्या आणि बुधवारी दुपारपर्यंत वाटून संपवल्या.

पत्रकातली वेळ बरोबर होती. बाकी काय काय चुकलं ते सांगायला हे लिहिते आहे. अन्याय मात्र झालेला आहे, त्यावर मी ठाम आहे. फक्त त्याचा पत्ता चुकला.

याकूबचाचांना तुम्ही पाहिलं असेल. गेली चार वर्षं ते उजव्या काखेत एक रिकामी कांडी दाबून फिरतात. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी; आमच्या गल्लीत दगडांपेक्षा जास्त सापडते. ती पडू द्यायची नाही, म्हणून चाचांचा हात फक्त कोपराखाली हलतो. ते सलाम करतात तो पोटापाशी. रिक्षा थांबवायला पंजा हलवला की रिक्षावाल्याला वाटतं, हा माणूस नको म्हणतोय, आणि तो निघून जातो. मशिदीच्या कोपऱ्यावरचा चहावाला त्यांचा ग्लास मुद्दाम फळीच्या अगदी कडेला ठेवतो, कारण आतला ग्लास घ्यायचा तर कांडी पडेल आणि मग चाचा दहा मिनिटं स्वतःला शिव्या देतील.

हे सगळं बॅकहँडसाठी. बॅकहँड टॉपस्पिन. चाचांचं म्हणणं असं, की कोपर अंगाला चिकटून राहिलं तरच मनगट मोकळं सुटतं. कुठे वाचलं, कुणी सांगितलं, विचारायची सोय नाही. बिघडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, नुसत्या आवाजावरून ओळखून लावून देणारा माणूस तो. चाळीस वर्षं जॉबरकी केली, त्यात अर्धे कान गेले. हाताच्या कामातलं त्यांना कुणी काही सांगू शकत नाही.

कान गेले म्हणून चाचा मोठ्याने बोलतात. खाली वाचनालय, वर खोली. ग्रंथपाल मॅडम एकदा जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "चाचा, तुम्ही 'हळू' सुद्धा ओरडून सांगता." तेव्हापासून खोलीत लूममधली भाषा सुरू झाली. लूम चालू असताना शेजारच्याचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. तळवा खाली दाबला की गुडघे वाकव. मूठ आतून बाहेर फिरवली की मनगट. दोन बोटं एकमेकांवर चोळली की बॉल घासायचा, मारायचा नाही. कपाळावर एक बोट वाजवलं की डोकं घरी ठेवून आलीस. ही शेवटची खूण लूममधली नाही, त्यांची स्वतःची.

तोंडाने बोलायची दोनच वाक्यं शिल्लक राहिली. बॉल जाळीत गेला की "सूत तुटलं." आणि लगेच, "जोड." जोड म्हणजे पुढचा बॉल दे. दम घ्यायला वेळ नाही, पाणी प्यायला वेळ नाही. सहाला शिफ्ट सुटली की चाचा सव्वासहाला खोलीत, आणि बॉल उचलायला वाकतानाही त्यांचा डावा पाय टक टक हलत असतो.

माझं काम पुश करायचं. म्हणजे बॉलला खालून कापून, उलटी फिरकी देऊन, त्यांच्या बॅकहँडला टाकायचा. असा बॉल बॅटवर आला की खाली मरतो. तो उचलायचा तर खाली बसून, घासत, वर यावं लागतं. चाचा खाली बसत, कांडी दाबत, घासत, आणि बॉल जाळीत जाई. चार वर्षं. मी आयुष्यात जितकी पत्रकं वाटली त्यापेक्षा जास्त पुश केले असतील.

"चाचा, फोरहँड इतका चांगला आहे तुमचा. बॅकहँडला आलेला बॉल सरकून फोरहँडने घ्या की."

"सरकू देत नाय तो. बरोब्बर कोपऱ्यात टाकतो."

"तो कोण?"

"तू पुश कर, लीडर. टाइम कमी हाय."

मला ते लीडर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते अजून कळलेलं नाही.

आणखी एक. चाचा कुणाशी मॅच खेळत नाहीत. मॅच मागून बघा. "मॅच चालू हाय," एवढंच उत्तर. खोलीच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे: य १७, ग १९. आम्हाला सगळ्यांना वाटे, ती सुताची काहीतरी जॉबरी नोंद आहे. खोलीला रंग दिला तेव्हा ती पुसली गेली, तर चाचांनी रंग ओला असतानाच पुन्हा लिहिली. त्यांच्या बोटांचे ठसे अजून भिंतीवर आहेत. तेव्हाही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता सोमवार.

सोमवारी मी पुश केला आणि चाचा खाली बसले, तेवढ्यात कांडी सटकली. टेबलाखाली गेली. उचलायला वेळ नव्हता, बॉल आला होता. हात मोकळा, कोपर अंगापासून पुढे आलेलं, आणि त्या हाताने चाचांनी बॉल घासला. तो जाळीवरून चढला, माझ्या बाजूला येऊन एकदम खाली वळला आणि टप्पा पडल्यावर माझ्या खांद्यावर उसळला. मी बॅट लावायचं विसरले.

चाचा बघत राहिले. मग कांडी शोधून काढली आणि हातात घेऊन तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण घरभेद्याकडे पाहतो.

"हीच आडवी आली. चार साल."

"म्हणजे?"

"धोट्याला फटका मारणारी काठी आपण फ्रेमला बांधून ठेवतो काय? मोकळी ठेवतो. मी जॉबर, लीडर. चाळीस वर्षं ती काठी मी लावली. आणि माझा हात बांधून फिरलो."

मी म्हटलं, पुन्हा करू. पुन्हा केला, पुन्हा आला. सलग सहा आले. सातवा जाळीत गेला आणि चाचा 'सूत तुटलं' म्हणाले नाहीत. बॅट पिशवीत घातली, जाळी सोडवून तीही घातली, आणि वेळ संपायच्या आधी निघून गेले. असं आजवर झालं नव्हतं.

मंगळवारी अर्धं टेबल नाही.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? आदल्या आठवड्यात दोन गृहस्थ टेप घेऊन खोली मोजून गेले होते. खोली हडपण्याचा डाव मला स्वच्छ दिसला. पत्रकात मी लिहिलं, 'कष्टकऱ्याच्या घामाचं अर्धं टेबल कुणाच्या घशात गेलं?' लिहिलं, 'हे दृश्य पाहून चाचा सुन्न झाले.' खरं तर चाचा सव्वासहाला आले, उरलेलं अर्धं टेबल त्यांनी भिंतीला टेकवलं आणि भिंतीवर बॅकहँड मारत बसले. दोन चहा प्यायले. मला वाटलं, धक्का बसलाय. मोजून गेलेले गृहस्थ पंखा बसवायला आले होते, हे गुरुवारी पंखा बसल्यावर कळलं.

त्याच गुरुवारी मी राखून ठेवलेलं एक पत्रक चाचांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. आधी ओठांनी, मग पुन्हा डोळ्यांनी.

"छान लिवलंस. मला रडू येईल असं."

"सोडायचं नाही, चाचा. कुणी नेलं ते शोधून काढायचं."

"मी नेलं."

"काय?"

"मंगळवारी सुट्टी टाकली. टेम्पो केला. त्याचं होतं, त्याला नेऊन दिलं." मग बहुतेक माझा चेहरा बघून त्यांनी कपाळावर बोट वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "रविवारी चल. बॅट घे."

रविवारी आम्ही दापोड्याला गेलो. कंटेनरांची रांग, धूळ, एकाला एक लागून गोदामं. दोन गोदामांच्या मधे एक जुनं घर अंग चोरून उभं होतं. त्याच्या पडवीत ते अर्धं टेबल. खालचे पाय मी ओळखले; भंगारात निघालेल्या लूमचे ते कापून लावलेले आहेत. टेबलाच्या बरोब्बर मधोमध आमच्या खोलीतली जाळी बसवलेली. पलीकडे खुर्चीत एक गृहस्थ बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. म्हणजे कुणीतरी ठेवून दिल्यासारखा.

"हीच का रं ती निषेधवाली?"

"हीच."

"माझ्याच टेबलाचा निषेध केलास व्हय पोरी? चोर म्हन्लंस मना."

"काका, तुमचं नाव नाही त्यात."

"त्याचंच वाईट वाटलं."

हे गजाननकाका. ग १९ मधले ग. शेतं होती तेव्हा भाजी घेऊन निजामपुऱ्यात यायचे, आणि भाजी संपली की वाचनालयाच्या वरच्या खोलीत. टेबल दोघांनी मिळून केलं. फळ्या काकांनी आणल्या, पाय चाचांनी लावले. अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. पंचवीस वर्षं दोघं एकवीस गुणांचा जुना गेम खेळत आले आणि पंचवीस वर्षं काकांनी चाचांच्या बॅकहँडला पुश टाकले.

"याचा बॅकहँड म्हंजे बंद पडलेला लूम," काका म्हणाले. "नुसता आवाज. कापड न्हाय."

त्या दिवशी सतरा-एकोणीस झाले होते. सर्व्हिस काकांची. त्यांनी बॉल वर टाकला आणि बॅट हातातून पडली.

"मी वाकलो उचलाया. हात जातच न्हाय. आनि हा वरडतोय, नाटक नको करू, सर्व्हिस कर."

चाचा पिशवीत काहीतरी शोधत होते. पिशवी रिकामी होती.

"तीनदा वरडला," काका हसत म्हणाले. "खालून ती पुस्तकवाली बाई आली, तवा याला समजलं."

त्यानंतर चाचा दर रविवारी दापोड्याला येतात. डाव्या हातात बॅट धर म्हणून सांगतात. घरातल्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, हात चालता ठेवा. काका धरेनात. डाव्या हाताने खेळून याकूबकडून हरायचं कशाला? शेवटी चिडून एकदा म्हणाले, तू तुझा बॅकहँड उठव, मग मी माझा डावा उठवतो. त्यांना खात्री होती, ते कधीच होणार नाही. ते बोलून विसरून गेले. चाचांनी दुसऱ्या दिवशी काखेत कांडी धरली.

"सतरा-एकोनीस," काका म्हणाले. "माझी सर्व्हिस."

डाव्याच हातात बॅट, बॅटवरच बॉल ठेवलेला. तो बॅटनेच उडवला आणि मारला. बॉल जाळीत गेला.

"सूत तुटलं," काका म्हणाले.

"जोड," चाचा म्हणाले. हळू. चार वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ती प्रॅक्टिस होती."

"प्रॅक्टिस न्हाय. अठरा झाले तुझे. लिही."

चाचांनी खिशातून खडू काढला आणि पडवीच्या भिंतीवर लिहिलं.

दुसरी सर्व्हिस थरथरत जाळीवरून आली आणि थेट बॅकहँडच्या कोपऱ्यात पडली. डाव्या हाताने सुद्धा तिथेच. चाचा खाली बसले, कोपर पुढे आलं, बॉल घासून वर आला. वळला, उसळला, काकांच्या कानाजवळून गेला आणि मागे तुळशीपाशी जाऊन थांबला. काकांचा हात हललासुद्धा नव्हता.

माझा तोल गेला. म्हटलं, "चाचा, हळू द्या ना जरा. सोपा द्या."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"हिला कुनी बोलावली?" काका म्हणाले.

"सोपा दिला तर त्याला कळतं, लीडर," चाचा म्हणाले. मग काकांकडे वळून, "एकोणीस सारखे."

"दिसलं मना." काका वळून तुळशीपाशी पडलेल्या बॉलकडे पाहत होते. "उठला रं तुझा. चढून वळला." मग म्हणाले, "दम लागला. आता पुढच्या रविवारी."

परत येताना रिक्षात चाचांचा पाय हलत होता. रविवार एकच येतो, म्हणाले. मधले सहा दिवस गजानन गोदामाचे ट्रक मोजत बसतो. एका माणसाच्या बॉलने हात सुधरत नाही, वेगवेगळे हात पाहिजेत. आणि वेळ कमी आहे. या खेपेला मी विचारलं, कुणाचा वेळ. त्यांनी तळवा खाली दाबला. गुडघे वाकव, किंवा गप्प बस. दोन्हीला एकच खूण आहे.

म्हणून आधीचं पत्रक मी मागे घेते. पंखेवाल्यांची माफी मागते. दुरुस्ती अशी: अन्याय झाला तो दापोड्याच्या गजाननकाकांवर, आणि तो झाला गेली चार वर्षं, रोज संध्याकाळी, सव्वासहाच्या सुमाराला. पंचवीस वर्षं खोलीत येणारा माणूस यायचा थांबला आणि त्या खोलीत खेळणाऱ्या, जिन्यावर बसणाऱ्या, खाली वाचणाऱ्या आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही, कुठे गेला. गल्लीतलं प्रत्येक तुंबलेलं गटार कुणाचं ते विचारत फिरणारी मी, समोरचा माणूस चार वर्षं कुणासाठी घाम गाळतोय ते एकदा विचारून गप्प बसले. आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं घाला.

दुसरं तुमचं. तुमच्याकडे आठवड्यातली एक संध्याकाळ आहे, नाही म्हणू नका. सोमवार मी घेतला आहे, रविवार चाचांचा. बाकीचे पाच वार वाचनालयाच्या जिन्यापाशी कागदावर लिहून लावले आहेत. एकापुढे आपलं नाव लिहा आणि दापोड्याला जा. खेळता येत नसलं तरी जा, बॅट तिथे आहे. बॉल काकांच्या डाव्या हाताला द्या. आणि सोपा देऊ नका.